पार्टी कुणाची?

रेवदंड्याच्या नाक्यावर मुंबई पासिंगची गाडी थांबली की चहावाल्यापासून सगळ्यांना कळतं, पार्टी आली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि चौल-रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांचे भाव वाडीवाल्यांनाच ओळखू येईनासे झाले. या खरेदी-विक्रीत उभी हयात गेलेले एक मामा आणि कोकणातल्या भटकंतीवर लिहून, व्हिडिओ करून चार पैसे मिळवणारी त्यांची भाची, या दोघांचा हा वाद. नावं देत नाही. दोघांनाही धंदा करायचा आहे.

वादाचं मूळ भाचीच्या पैशांत. तंबू, बूट, टॉर्च, सॅक यांबद्दल ती लिहिते आणि खाली दुकानाची लिंक देते. लिंकच्या शेपटाला तिची खूण असते. वाचकाने लिंक दाबली की त्याच्या ब्राउझरमध्ये एक बारीकशी नोंद जाऊन बसते. तिला कुकी म्हणतात. ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर गिऱ्हाईक कुणी आणलं हे दुकान त्या नोंदीवरून ओळखतं आणि टक्केवारी तिच्या खात्यावर टाकतं. ॲमेझॉनने असा कार्यक्रम १९९६ मध्येच सुरू केला होता. आज लहानमोठी असंख्य दुकानं हेच करतात, आणि ‘खाली डिस्क्रिप्शनमध्ये लिंक दिली आहे’ हे वाक्य आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

भाची : पुण्याच्या एका वाचकाने मला कळवलं, तुमच्या लिंकवरून तंबू घेतला, झकास आहे. मी माझा अहवाल उघडला. त्या आठवड्यात एकही तंबू नाही.

मामा : परत केला असेल. नाहीतर थाप मारली असेल. पार्ट्या गोड बोलतात.

भाची : मलाही आधी तसंच वाटलं. मग बोलता बोलता तो म्हणाला, पैसे भरताना कूपन शोधून देणारं, ब्राउझरला जोडलेलं एक एक्स्टेन्शन दाबलं होतं. मी तेच एक्स्टेन्शन मैत्रिणीच्या लॅपटॉपवर टाकलं आणि माझ्याच लिंकवरून तंबूच्या पानावर गेले. वर पत्त्याच्या पट्टीत, अगदी शेवटी, माझी खूण दिसत होती. पैसे भरायच्या पानावर एक चौकट आली, कूपन शोधू का? मी हो म्हटलं. बाजूला एक नवा टॅब उघडला आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मिटला. चौकटीत आलं, तुम्हाला आधीच सगळ्यात चांगला भाव मिळाला आहे. म्हणजे कूपन नाहीच. पण कुकी उघडून पाहिली तर माझ्या खुणेच्या जागी भलतीच खूण.

मामा : म्हणजे तुझी पार्टी फोडली.

भाची : फोडायला निदान पार्टीशी बोलावं लागतं, मामा. इथे आपण फुटलो हे पार्टीलाच कळलं नाही.

तिने पाहिलेलं एक्स्टेन्शन कोणतं याला इथे महत्त्व नाही. याच आरोपावरून जगभर गाजलेलं नाव आहे हनी. लॉस एंजेलिसमध्ये २०१२ साली निघालेलं हे फुकटचं एक्स्टेन्शन पेपालने सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेतलं. व्यवहार जानेवारी २०२० मध्ये पुरा झाला. फुकट वस्तूची एवढी किंमत का, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मेगालॅग या यूट्यूबरने व्हिडिओ काढून दाखवलं की गिऱ्हाइकाने हनीची चौकट दाबली की आधीच्या माणसाची खूण पुसली जाते आणि तिथे हनीची बसते, कूपन सापडो न सापडो. त्याच्या एका उदाहरणात कमिशन होतं ३५ डॉलरचं आणि गिऱ्हाइकाच्या हाती बक्षिसी म्हणून आले ८९ सेंट. लीगलईगल, वेंडोव्हर अशा मोठ्या चॅनलवाल्यांनी अमेरिकेत दावे गुदरले. पेपालचं उत्तर एका ओळीचं म्हणावं असं होतं : आम्ही धंद्याच्या नियमांप्रमाणेच चालतो, आणि शेवटच्या क्लिकला श्रेय हाच धंद्याचा नियम आहे.

मामांना हे उत्तर पटलं. इतकं पटलं की ते झोपाळा थांबवून बसले.

मामा : बरोबर बोलते ती कंपनी. तू तंबू दाखवलास, मान्य. पण पार्टी पैसे भरायच्या टेबलाशी जाऊन घुटमळत होती ना? तिथून उठून गेलेल्या पार्ट्या मी आयुष्यभर पाहिल्या. तिथे ज्याने सांगितलं, आता घ्या, याहून स्वस्त मिळायचं नाही, त्याने व्यवहार केला. मी वाडी दाखवतो, विहिरीचं पाणी चाखायला लावतो, हद्दीवरून फिरवतो, आणि इसार होतो दुसऱ्याच्या ओटीवर. मी शिव्या घालतो. पण त्याला चोर म्हणत नाही.

भाची : तो दुसरा काहीतरी करतो, मामा. सातबारा काढतो, जुनं कूळ निस्तरतो, चार गावांत पांगलेल्या वारसांना एका चटईवर बसवतो. इथे शेवटच्याने काय केलं?

मामा : धीर दिला. तेही काम आहे. घुटमळणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

भाची : आणि तो धीर खोटा असेल तर? हनीवरचा दुसरा आरोप तोच आहे. ज्या दुकानांशी तिचा करार, त्यांना कोणती कूपनं दाखवायची आणि कोणती दडवायची हे ठरवू दिलं जायचं, असं मेगालॅगचं म्हणणं. मोठ्या सवलतीचं कूपन असतानाही गिऱ्हाइकाला सांगायचं, याहून चांगला भाव नाही.

मामा : दोन्हीकडून खायचं.

भाची : तुम्हीही दोन्हीकडून घेता.

मामा : घेतो. विकणाऱ्याकडून घेतो, घेणाऱ्याकडून घेतो, आणि दोघांना तोंडावर सांगून घेतो. कुणाच्या पाठीमागे नाही. ते कूपनाचं सोड, त्यात ती कंपनी गिऱ्हाइकाशी खोटं वागली असेल तर गिऱ्हाइकाने बघावं. तुझ्या कमिशनचं बोल. मला एक सांग, कुणी तुझी तंबूची लिंक दाबली, तंबू घेतला नाही, पण त्याच दिवशी त्याच दुकानातून फ्रिज घेतला. तुला काय मिळतं?

भाची : फ्रिजचं कमिशन.

मामा : फ्रिजबद्दल काय लिहिलं होतंस?

भाची : काही नाही.

मामा : आणि दुसऱ्या कुणी पोराने महिनाभर खपून तंबूचे व्हिडिओ केले, पार्टी पार तयार केली, आणि शेवटी सहज म्हणून तिने तुझी लिंक दाबली?

भाची : तर मलाच.

मामा : मग त्या पोराच्या लेखी चोर कोण गो?

घाव वर्मी बसला, आणि मला वाटतं या धंद्यातल्या बऱ्याच तक्रारदारांनी तो आधी स्वतःवर घालून पाहिला नसावा. ॲमेझॉनची मुदत सहसा चोवीस तासांची असते, आणि त्या अवधीत गिऱ्हाईक टोपलीत जे टाकेल त्यातलं बरंचसं लिंकवाल्याच्या नावे लागतं. सुगीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या सेलमध्ये, तंबूवर लिहिणारा माणूस साड्या-मिक्सरवर कमावतो. त्याला तो नशीब म्हणतो. शेवटच्या क्लिकचा नियम आपल्या बाजूने पडला की कुणालाच खटकत नाही.

भाचीने हे नाकारलं नाही. पण ती हललीही नाही.

भाची : फ्रिज माझ्या कष्टाचा नाही, कबूल. पण लिंक त्याने दाबली. स्वतःच्या बोटाने, मी कोण हे पाहून. पानावर वर लिहिलेलं असतं, या लिंकांवरून मला कमिशन मिळतं. त्या एक्स्टेन्शनमध्ये त्याने दाबलं ते ‘कूपन शोधा’. ‘मला या दुकानात कुणी आणलं’ याचं उत्तर त्याने दिलंच नाही, ते त्याच्या नावावर परस्पर लिहिलं गेलं. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि वर नंतर खरेदीखत लिहायचं, याला तुमच्या धंद्यात काय म्हणतात?

मामा : तुरुंगात जायचं काम म्हणतात. पण अंगठा तरी घेतला ना?

भाची : न घेताही झालंय. ईबेची गोष्ट ऐका.

ही गोष्ट हनीहून जुनी आणि माझ्या मते अधिक बोलकी. ईबे या ऑनलाइन बाजाराला गिऱ्हाइकं आणून देणाऱ्यांत शॉन होगन पहिल्या क्रमांकावर होता आणि ब्रायन डनिंग दुसऱ्या. डनिंगने ब्लॉगवर, मायस्पेसवर लावायला फुकट खेळणी वाटली होती : तुमचं पान जगात कुठून कुठून पाहिलं जातं त्याचा नकाशा वगैरे. ते खेळणं ज्या पानावर असेल ते पान नुसतं उघडलं की पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ईबेची कुकी गुपचूप ठेवली जायची. ना लिंक दिसली, ना कुणी दाबली. तो माणूस पुढे केव्हातरी आपल्या पायांनी ईबेवर गेला, काही घेतलं, की कमिशन यांना. याला कुकी स्टफिंग म्हणतात. आपण कुकी कोंबणं म्हणू. होगनला ईबेकडून सगळे मिळून सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, डनिंगच्या कंपनीला ५० लाखांच्या वर. ईबेने २००८ मध्ये दावा लावला, २०१० मध्ये फौजदारी आरोप ठेवले गेले, आणि २०१४ मध्ये होगनला पाच महिने, डनिंगला पंधरा महिने कैद झाली. डनिंग एरवी काय करायचा? अंधश्रद्धा आणि भोंदू विज्ञान उघडं पाडणारा ‘स्केप्टॉइड’ नावाचा पॉडकास्ट.

मामांना यातलं एकच टोक भावलं, आणि ते खरोखर भावण्यासारखं आहे.

भाची : आणि मामा, होगनच्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. ईबेचं मुख्यालय सॅन होजेला, कमिशनचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीचं ऑफिस सांता बार्बराला. या दोन गावांतल्या कम्प्युटरांवर कुकी कोंबायचीच नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मामा : म्हणजे साहेबाच्या गावात माप पुरं, बाकी मुलखात कमी. असं करणाऱ्याला नियम माहीत नव्हता, असं कुणी म्हणेल?

भाची : तेच तर म्हणते.

मामा : पण थांब. हे तुझ्या तंबूसारखं नाही. तंबूत तुझे पैसे गेले. इथे कुणाचे गेले? पार्टी स्वतःच आली होती, तिला कुणीच आणलं नव्हतं. म्हणजे दुकानाचे गेले. हे मी पाहिलंय.

भाची : कुठे?

मामा : साइट ऑफिसात. नाव नाही घेणार. मुंबईच्या मोठ्या बिल्डरांकडे आत पाऊल टाकलं की आधी मोबाइल नंबर घेतात. तो नंबर कुठल्या एजंटने आधी नोंदवलाय का ते बघतात. नोंदवला असेल तर पार्टी त्याची, ठराविक दिवस. पेपरातली जाहिरात बघून सरळ आलेल्या पार्टीला एजंटच नसतो. मग टेबलावरचा पोरगा काय करतो? ओळखीच्या एजंटला आतूनच मेसेज टाकतो, हा नंबर तुझ्या नावावर घाल. दलाली आली की निम्मी निम्मी. पार्टीला पत्ता नाही. बिल्डरला वाटतं एजंट किती राबतात!

भाची : मामा, हेच कुकी कोंबणं.

मामा : असेल. आम्ही त्याला पोराचा वरचा पगार म्हणायचो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, आणि वादाच्या भरात ती दोघांच्याही हातून निसटत होती. ईबेचं प्रकरण तुरुंगापर्यंत गेलं, कारण ज्याचा खिसा कापला गेला त्याच्याच हाताशी हिशेबाची वही होती. वही त्याची, वकील त्याचे. तंबूच्या बाबतीत दुकानाला काही फरक पडत नाही : पाच हजारांच्या तंबूवर पाच टक्के धरले तर अडीचशे रुपये जायचेच, ते भाचीला गेले काय आणि एक्स्टेन्शनला गेले काय. उलट एक्स्टेन्शन बडी असामी, त्याला कोण दुखावणार? आणि जिचे अडीचशे गेले तिला वही उघडून बघायची सोय नाही. तिला अहवालात दिसतं ते फक्त मिळालेलं. गेलेल्याचा रकाना नसतो.

भाची : माझ्या आयकराच्या २६एएस उताऱ्यातही जे मिळालं त्यावरचा टीडीएस दिसतो. जे मिळायचं होतं ते दाखवणारा कागद सरकारकडे नाही, दुकानाकडे असला तर मला देत नाहीत. विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, आमच्या नोंदीप्रमाणे हिशेब बरोबर आहे.

मामा : आपल्या शाळेच्या आवारात त्या रशियनाचा स्तंभ आहे ना, निकितिनचा? पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरला तो, विकायला घोडा घेऊन. जुन्नरला असद खानाने घोडाच काढून घेतला. म्हणाला, धर्म बदल, मग देतो. एका खुरासाणी माणसाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. का मिळाला? कुणी नेला ते माहीत होतं म्हणून. तुझा घोडा कुणी नेला हे तू कुणाला सांगशील?

भाची : म्हणजे चोरी झाली हे तुम्हाला मान्य आहे.

मामा : घोडा गेला हे मान्य आहे. चोरी हा शब्द कोर्टात टिकवावा लागतो. कुठल्या कलमाखाली?

प्रश्न खोचक असला तरी गैरलागू नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम २१३ म्हणतं की एजंटाने मालकाला, मागेल तेव्हा, नीट हिशेब दिला पाहिजे. पण इथे एजंट आहे भाची. हिशेब हवा आहे तोही तिलाच. कायद्याने वही मालकाच्या हक्कासाठी उघडली, एजंटाच्या नव्हे. दलालीच्या दाव्यांत मात्र न्यायालयं फक्त शेवटी कोण हजर होता एवढंच बघत नाहीत, व्यवहार मुळात कुणाच्या खटपटीने घडून आला तेही बघतात. शेवटच्या क्लिकचा नियम नेमका हा शोध टाळण्यासाठी आहे. सोपा आहे, मशीनला समजतो, आणि भांडण मिटवतो; निदान भांडण ऐकू येणार नाही अशी व्यवस्था करतो.

मामा : आम्हाला आता प्रकल्पातला प्लॉट विकायचा तर महारेराचा नंबर लागतो. २०२३ पासून परीक्षा आली. या वयात मी प्रश्नपत्रिका सोडवायची! त्या एक्स्टेन्शनवाल्यांना काय लागतं?

भाची : नियम आहेत. कमिशनचा हिशेब ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या अटींत असतं की आधी दुसऱ्याची लिंक दाबली गेली असेल तर एक्स्टेन्शनने मागे सरायचं. मार्च २०२५ मध्ये गूगलनेही क्रोमच्या दुकानाचे नियम बदलले : गिऱ्हाइकाचा उघड फायदा होत नसेल तर स्वतःची खूण घालायची नाही. कूपन सापडलं नाही तर कमिशन नाही, असा सरळ अर्थ.

मामा : आणि पाळलं की नाही हे बघणार कोण? सॅन होजेवाले?

भाची : (काहीशी चिडून) मी काय करू मग?

मामा : तुमच्यातल्या कुणालाच इतकी वर्षं वास आला नाही?

भाची : आला होता. लायनस टेक टिप्स हा प्रचंड मोठा चॅनल आहे. त्यांनी हे लक्षात आल्यावर २०२२ च्या सुमारास हनीची जाहिरात घेणं थांबवलं. पण त्यावर व्हिडिओ करून प्रेक्षकांना सांगितलं नाही. नंतर त्याबद्दल भरपूर बोलणी खाल्ली.

मामा : जाहिरात घ्यायचे? म्हणजे ज्यांची पार्टी फुटत होती, तेच आपल्या पार्टीला सांगत होते, हे घरात आणून ठेवा म्हणून?

भाची : पैसे घेऊन.

मामा खूप वेळ हसले. भाचीलाही हसू आवरलं नाही, पण मला यात विनोदापेक्षा हिशेब दिसतो. जाहिरातीचे पैसे एकदम, हातात, ठरलेल्या तारखेला येतात. कमिशन थेंबाथेंबाने गळतं, आणि गळतंय हे दिसतही नाही. दिसणाऱ्या पैशासाठी न दिसणारा पैसा सोडणं हा मूर्खपणा म्हणता येणार नाही. वही दुसऱ्याच्या हातात असली की शहाणा माणूसही तेच करील. म्हणून भाचीचा ‘चोरी’ हा शब्द मला योग्य वाटतो, आणि तरीही मामांच्या फ्रिजचं उत्तर तिच्याकडे नाही असंही वाटतं. बोटाने दाबलेल्या लिंकची ढाल ती पुढे करते ती खरी आहे, पण त्या पोराच्या महिन्याभराच्या व्हिडिओंपुढे ती थिटी पडते.

तिने एक वाट धरली आहे. काही छोटे दुकानदार, महाबळेश्वरचा एक सॅकवाला, पुण्याची एक बूट शिवणारी बाई, यांच्याशी ती सरळ ठरवते : माझ्या नावाचं कूपन, माझा वाचक ते हाताने टाइप करणार, महिनाअखेरीस तुम्ही मला यादी पाठवायची. त्यालाही भोक आहेच. कूपन शोधणारी एक्स्टेन्शनं तिचा कोड उचलून साऱ्या जगाला वाटतात, आणि मग न आणलेल्या गिऱ्हाइकांचं कमिशन तिच्या नावावर चढतं. हे ऐकून मामांनी विचारलं, ते परत करतेस का? भाची म्हणाली, सॅकवाल्याला कळवते, तो म्हणतो राहू द्या ताई.

मामा : बरं, मला वाडीला पाण्याचा पंप हवाय. तुझ्याच लिंकवरून घेतो. कुठे दाबायचं ते सांग, ते कूपनवालं मी लावलेलंच नाही.

भाची : नको, मामा. ॲमेझॉनच्या अटींत नातेवाइकांनी केलेल्या खरेदीवर कमिशन नाही. उगाच खातं बंद करतील.

मामा : म्हणजे परक्याने खिसा कापला तर त्यांना दिसत नाही, आणि मामाने पंप घेतला तर दिसतो?

भाची : दिसतो की नाही माहीत नाही. लिहिलंय मात्र स्पष्ट.

मामा : मग राहू दे. उद्या अलिबागला कामाने जायचंच आहे, तिथून आणतो. तो दुकानदार मला कुणी पाठवलं ते विचारतो, आणि मी सांगीन ते लिहून घेतो.